बीपीच्या गोळ्या: आकडा सगळ्याच उतरवतात, मग निवड कशावर करायची?

दीडशेवरपारा
‘टेल्मिसार्टन बरी की अ‍ॅम्लोडिपिन?’ हा प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर सुटा सुटा येतो आणि उत्तरंही तशीच तुटक मिळतात. म्हणून सगळं एका जागी आणू.

पहिल्या फळीत चार गट आहेत. एसीई इनहिबिटर, म्हणजे रामिप्रिल, एनालाप्रिल, पेरिंडोप्रिल वगैरे ‘प्रिल’ मंडळी. एआरबी, म्हणजे लोसार्टन, टेल्मिसार्टन, ओल्मेसार्टन, कॅन्डेसार्टन. कॅल्शियम चॅनल ब्लॉकर, म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन, सिल्निडिपिन, निफेडिपिन. आणि थायझाइड किंवा त्यासारखी लघवीची गोळी: हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड.

नुसता आकडा बघितला तर यांच्यात फार डावं-उजवं करता येत नाही. २००३ साली ३५४ चाचण्यांचा एकत्र हिशेब झाला, त्यात नेहमीच्या मात्रेतली एक गोळी वरचा आकडा सरासरी ९ ने आणि खालचा साडेपाचने उतरवते असं निघालं. गट कुठलाही असो. २००२ च्या ऑलहॅट चाचणीत ३३ हजारांवर लोकांवर क्लोरथॅलिडोन, अ‍ॅम्लोडिपिन आणि लिसिनोप्रिल यांची थेट झुंज लावली होती. हृदयविकाराचा झटका आणि त्यातून येणारा मृत्यू यांत तिघं बरोबरीत सुटले. फरक पडला तो हार्ट फेल्युअरमध्ये, तिथे क्लोरथॅलिडोन सरस ठरली. याच चाचणीतला डॉक्साझोसिनचा (अल्फा ब्लॉकर या वेगळ्या जातीची गोळी) चौथा गट तर हार्ट फेल्युअर जास्त दिसल्यामुळे २००० सालीच थांबवावा लागला.

तेव्हा इथे ‘सर्वात चांगली गोळी’ शोधू नये. सोबतचा आजार, रक्ताचे रिपोर्ट आणि गोळी किती तास टिकते यावर बोलू. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बदलायची नाही, हे एकदाच लिहून ठेवतो. प्रत्येक प्रतिसादाखाली पुन्हा नको.

फार्मकट्टा
प्रिल आणि सार्टन यांच्यापासून सुरुवात करतो, कारण ‘दोन्ही सारखंच काम करतात’ असं म्हणून लोक पुढे सरकतात.

अँजिओटेन्सिन-२ हे रक्तवाहिन्या आवळणारं रसायन. प्रिल ते बनवणारं एन्झाइम अडवतं. सार्टन ते बनू देतं, पण ते जिथे जाऊन चिकटतं ती जागा बंद करतं. तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाचं आणखी एक रसायन मोडतं. प्रिलमुळे ते मोडत नाही, साठतं, आणि कोरडा खोकला सुरू होतो. घशात खवखव, कफ नाही, रात्री आडवं झाल्यावर जास्त. गोळी सुरू झाल्यावर काही दिवसांत येऊ शकतो किंवा काही महिन्यांनीसुद्धा. मात्रा कमी करून हा खोकला जात नाही, कफ सिरपनेही जात नाही. गोळी बंद केल्यावर साधारण एक ते चार आठवड्यांत थांबतो. एका प्रिलवरून दुसऱ्या प्रिलवर जाण्यात अर्थ नाही, सरळ सार्टनवर जातात.

ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर ते अँजिओएडीमा. क्वचित होतं, पण श्वास कोंडू शकतो. ताबडतोब इमर्जन्सी गाठायची, आणि त्या माणसाला पुन्हा आयुष्यात प्रिल नाही.

प्रिल आणि सार्टन एकत्र घेऊ नयेत. २००८ च्या ऑनटार्गेट चाचणीत रामिप्रिल आणि टेल्मिसार्टन एकत्र देऊन फायदा काही वाढला नाही, किडनीचा त्रास आणि चक्कर मात्र वाढली. दोन वेगळ्या डॉक्टरांची दोन प्रिस्क्रिप्शन चालू असली की ही गडबड नकळत होते. स्ट्रिपवरची ब्रँडची नावं वेगळी असतात, खालच्या बारीक अक्षरांतलं नाव वाचावं.

अर्धीगोळी
वरच्या ‘सगळ्या सारख्या’ला माझी एक पुरवणी. सरासरी सारखी असली तरी चोवीस तास पुरण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अ‍ॅम्लोडिपिनचं अर्धायुष्य (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) ३० ते ५० तास. टेल्मिसार्टनचं साधारण २४. लोसार्टनचं स्वतःचं जेमतेम २ तास आणि त्यापासून शरीरात तयार होणाऱ्या सक्रिय घटकाचं ६ ते ९. म्हणून लोसार्टन ५० एकदाच घेणाऱ्यांपैकी काहींचा पारा पहाटे वर जातो आणि दिवसभर ठीक दिसतो. तीच मात्रा दोन वेळा विभागून दिली की काम होतं, किंवा लांब टिकणारं सार्टन देतात.

हे तपासायची सोपी रीत: सकाळची गोळी घ्यायच्या आधी मोजायचं. गोळी घेतल्यावर तीन तासांनी मोजलेलं बीपी गोळीचा सर्वात चांगला चेहरा दाखवतं.

अर्धायुष्याची दुसरी बाजू अशी की अ‍ॅम्लोडिपिनचा पूर्ण परिणाम दिसायला आठवडाभर लागतो. तिसऱ्या दिवशी ‘काहीच उतरलं नाही’ म्हणून मात्रा दुप्पट केली तर दहाव्या दिवशी चक्कर येणारच. थायझाइड आणि सार्टनला तर दोन ते चार आठवडे द्यावेत.

सूजविचारे
अ‍ॅम्लोडिपिनच्या पायसुजेवर थोडं सविस्तर, कारण सर्वात जास्त चुकीचे उपाय इथेच होतात.

ही सूज मीठ-पाणी साठून येत नाही. गोळी केशवाहिन्यांच्या आधीच्या धमनिका सैल करते, पलीकडच्या शिरा मात्र तशाच राहतात. मधे दाब वाढतो आणि पाणी ऊतींमध्ये झिरपतं. म्हणून लघवीच्या गोळीने ही सूज फारशी हलत नाही. फ्युरोसेमाइड जोडून उलट पोटॅशियम आणि सोडियम घालवून बसतात.

ओळखायची कशी? संध्याकाळी सॉक्सच्या इलॅस्टिकची खोल खूण, घोट्याच्या आतल्या बाजूला अंगठा दहा सेकंद दाबून काढला तर खड्डा राहतो, सकाळी उठल्यावर बरंच कमी. दोन्ही पायांना सारखी. एकाच पायाला सूज, पोटरी दुखणारी किंवा गरम, तर विषय वेगळा आहे, शिरेतली गुठळी आधी तपासा. सोबत धाप लागत असेल किंवा वजन भराभर वाढत असेल तर हृदय आणि किडनी बघायला हवी, गोळीवर ढकलून मोकळं होऊ नये.

मात्रेचा संबंध थेट आहे. औषधाच्या माहितीपत्रकातले आकडे: २.५ मिलिग्रॅमला १.८ टक्के, ५ ला ३ टक्के, १० ला १०.८ टक्के. बायकांमध्ये प्रमाण जास्त.

उपाय क्रमाने: १० वरून ५ वर येणं. जोडीला प्रिल किंवा सार्टन घालणं, ते पलीकडच्या शिराही सैल करतात आणि सूज खरोखर उतरते. तरी राहिली तर सिल्निडिपिनवर जाणं, तिच्यात सूज कमी येते. तेही नको झालं तर गटच बदलणं.

फार्मकट्टा
एस-अ‍ॅम्लोडिपिन राहिलं. अ‍ॅम्लोडिपिनमध्ये दोन आरसा-रेणू असतात, त्यातला एकच बीपीवर काम करतो. नुसता तोच असलेली २.५ ची गोळी ही साध्या ५ च्या बरोबरीची. ‘माझी तर अडीचचीच आहे, हलकी’ असं समजून त्यात साधी ५ ची भर घातली तर एकूण १० होते. बदलून दुसरी स्ट्रिप मिळाली की मिलिग्रॅमच्या आधीचं नाव वाचायचं.

क्षारपाल
थायझाइडवर कोणी बोलत नाही, ते मी घेतो.

हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ हे बहुतेक कॉम्बिनेशन गोळ्यांत असतं आणि माझ्या मते ते दुबळं आहे. परिणाम दिवसभर पुरत नाही. क्लोरथॅलिडोनचं अर्धायुष्य ४० ते ६० तास, मिलिग्रॅमला मिलिग्रॅम दीड-दोन पट जोरदार. किडनीचं काम बरंच मंदावलेलं असतानाही ती चालते, हे २०२१ च्या क्लिक चाचणीत दिसलं. तिथे थायझाइड निकामी असतात असं आधी सरसकट धरलं जायचं.

पण किंमत मोजावी लागते ती पोटॅशियममध्ये. पिंडऱ्यांत गोळे, थकवा, धडधड ही लक्षणं. शिवाय युरिक अ‍ॅसिड वाढतं, त्यामुळे गाऊट (युरिक अ‍ॅसिडची सांधेदुखी) असलेल्याला पायाच्या अंगठ्याचा सांधा धरतो. अशांना लोसार्टन सोयीचं, ते युरिक अ‍ॅसिड थोडं उतरवतं. साखरही किंचित वर सरकते.

सर्वात घातक म्हणजे सोडियम उतरणं. वय झालेल्या, बारीक चणीच्या बायकांमध्ये पहिल्या काही आठवड्यांत होतं. गोंधळल्यासारखं बोलणं, मळमळ, तोल जाणं. घरचे ‘वयामुळे’ म्हणून सोडून देतात. रक्तातलं सोडियम एकदा तपासलं की उलगडा होतो.

दीडशेवरपारा
क्षारपाल, क्लोरथॅलिडोनबद्दल थोडा असहमत. २०२२ मध्ये दोन्हींची थेट तुलना झाली, साडेतेरा हजार ज्येष्ठ लोकांवर. हृदयविकार, पक्षाघात, मृत्यू यांत फरक निघाला नाही. पोटॅशियम घसरण्याचं प्रमाण मात्र क्लोरथॅलिडोनवर जास्त होतं. आकडा हट्टी नसेल आणि हायड्रोक्लोरोथायझाइड २५ वर व्यवस्थित चाललं असेल तर उगाच बदलायचं कशाला?

क्षारपाल
चालू असलेली बदलू नये हे मान्य. त्या चाचणीत सगळे आधीपासून हायड्रोक्लोरोथायझाइडवरच होते, बहुतेक २५ वर, हेही लक्षात घ्या. माझा आक्षेप १२.५ वर आहे. नव्याने सुरू करायची असेल तर क्लोरथॅलिडोन ६.२५ किंवा १२.५, नाहीतर इंडापामाइड १.५ एसआर (हळूहळू सुटणारी). ऐंशीच्या पुढच्या वयात ज्या चाचणीने औषधोपचाराचा फायदा दाखवला, २००८ ची हायवेट, तिची मुख्य गोळी इंडापामाइडच होती.

लॅबवाला
रिपोर्ट कधी काढायचे ते ठरलेलं असावं. प्रिल, सार्टन किंवा थायझाइड सुरू करण्याआधी क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा), सोडियम, पोटॅशियम. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा. मात्रा वाढवली की परत. सगळं स्थिर झालं की वर्षातून एकदा, किडनी आधीच कमजोर असेल तर जास्त वेळा.

प्रिल-सार्टनवर क्रिएटिनिन थोडं वाढतंच. किडनीतल्या गाळणीच्या बाहेर जाणारी वाहिनी सैल झाल्याने आतला दाब उतरतो, लांब पल्ल्यात तेच किडनीला वाचवतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ चालवून घेतात. म्हणजे १.० चं १.२५ झालं तर गोळी बंद करायची नाही. १.० चं १.६ झालं तर थांबून शोधायचं: अंगातलं पाणी कमी झालंय का, पेनकिलर चालू आहे का, दोन्ही किडन्यांच्या धमन्या अरुंद आहेत का.

पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर दुर्लक्ष नको. एकदा नमुना पुन्हा द्यावा. मूठ जोरात आवळत रक्त काढलं किंवा नमुन्यातल्या पेशी फुटल्या तरी पोटॅशियम खोटं जास्त दिसतं. आणि ‘लो सोडियम’ मीठ म्हणून जे विकतात त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. सार्टन, स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम धरून ठेवणारी लघवीची गोळी) किंवा किडनीचा आजार असेल तर ते मीठ विचारल्याशिवाय वापरू नये.

अर्धीगोळी
उलट्या-जुलाबाचंही इथेच लिहा ना. अंगातलं पाणी गेलेलं असताना प्रिल/सार्टन आणि लघवीची गोळी चालू ठेवली तर किडनी एकाएकी बसू शकते. पाणी पोटात ठरेपर्यंत त्या गोळ्या थांबवायच्या का, हे डॉक्टरांकडून आधीच विचारून कागदावर लिहून ठेवावं. त्यात आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची भर पडली तर तिहेरी घात.

नाडीमोजे
बीटा ब्लॉकरचं, म्हणजे अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल वगैरे ठोके मंद करणाऱ्या गोळ्यांचं, थोडक्यात उरकतो. नुसत्या बीपीसाठी पहिली पसंती राहिलेली नाही, २००२ च्या लाइफ चाचणीत अटेनोलॉलपेक्षा लोसार्टनवर पक्षाघात २५ टक्क्यांनी कमी दिसले. हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेला, अंजायना, हार्ट फेल्युअर, ठोके वेगाने पडणं, मायग्रेन, तिथे त्यांची जागा पक्की आहे. दम्यात जपून. इन्शुलिनवर असलेल्यांत साखर घसरल्याची धडधड आणि कंप झाकला जातो, घाम तेवढा फुटतो. व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम (ठोके मंद करणारे कॅल्शियम चॅनल ब्लॉकर) सोबत नको, नाडी चाळिशीत येऊ शकते.

आणि एकदम बंद करायची नाही, एक-दोन आठवड्यांत उतरवत आणायची. क्लोनिडिन या बीपीच्या आणखी एका गोळीचं तर याहून वाईट. ती अचानक थांबवली की दिवसा-दोन दिवसांत पारा आधीपेक्षा वर उसळतो. विसरभोळ्या माणसाला क्लोनिडिन देऊच नये या मताचा मी आहे.

दीडशेवरपारा
आता मात्रा वाढवायची की दुसरी गोळी जोडायची यावर. २००९ च्या एका एकत्रित विश्लेषणात, दुसऱ्या गटातली गोळी जोडल्याने जेवढं बीपी उतरतं ते त्याच गोळीची मात्रा दुप्पट करण्याच्या सुमारे पाचपट असतं, असं निघालं. कारण असं की एक वाट अडवली की शरीर दुसरी शोधतं. थायझाइडने पाणी कमी झालं की अँजिओटेन्सिन वाढतं, सार्टन तीच वाट बंद करतं. पोटॅशियमचंही जमतं: एक घालवतं, दुसरं धरून ठेवतं.

म्हणून टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ एकाच गोळीत, ही जोडी अ‍ॅम्लोडिपिन १० पेक्षा मला केव्हाही बरी वाटते. २००८ च्या अकम्प्लिश चाचणीत बेनाझेप्रिलला अ‍ॅम्लोडिपिनची जोड हायड्रोक्लोरोथायझाइडच्या जोडीपेक्षा सरस ठरली. दोन औषधं एका गोळीत, असं सुरुवातीलाच द्यायला जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ च्या मार्गदर्शनात पसंती दिली आहे. अतिवृद्ध, अशक्त किंवा उभं राहिल्यावर पारा पडणाऱ्यांना मात्र एकीनेच सुरुवात.

सूजविचारे
उभं राहून मोजणं घरी कोणीच करत नाही. पाच मिनिटं बसून एकदा, मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडला तर पुढची गोळी वाढवण्याआधी विचार करा. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन किंवा प्राझोसिन चालू आहे का तेही बघा.

नाडीमोजे
आणि मुळात नीट मोजा, नाहीतर वरची सगळी चर्चा वाया. पाठ टेकलेली, पाय जमिनीला, गुडघ्यावर गुडघा नाही, दंड हृदयाच्या पातळीला टेबलावर टेकलेला, कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) कपड्यावरून नाही. मूत्राशय रिकामं, अर्धा तास आधी चहा-कॉफी-सिगारेट नाही. मोजताना बोलायचं नाही. कफमधली पिशवी दंडाच्या घेराच्या ८० टक्के तरी गुंडाळली गेली पाहिजे, जाड दंडाला लहान कफ लावला की आकडा उगाच वर दिसतो. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, मधे एक मिनिट, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी. घरी १३५/८५ च्या वर म्हणजे जास्त, दवाखान्यातली १४०/९० ची रेघ घरी लावू नये.

रातकिडा
रात्री घेतलेली गोळी जास्त वाचवते ना? पहाटेचा झटका टळतो म्हणतात.

अर्धीगोळी
२०२२ च्या टाइम चाचणीत २१ हजारांवर लोक होते, सकाळ आणि संध्याकाळ यांत फरक निघाला नाही. विसरली जाणार नाही ती वेळ खरी. लघवीची गोळी तेवढी सकाळी घ्या, रात्रीत उठून अंधारात पडणं जास्त महाग. गोळी चुकली तर आठवल्यावर घ्या, पुढची जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन एकदम नाहीत.

क्षारपाल
तीन गोळ्या पूर्ण मात्रेत (सार्टन किंवा प्रिल, अ‍ॅम्लोडिपिन, थायझाइड) चालू असून पारा उतरत नसेल तर चौथी शोधण्याआधी: गोळ्या खरंच पोटात जातात का, घरची मोजणी काय म्हणते, मीठ किती, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं आहे का. दुखण्याच्या गोळ्या, सर्दीच्या गोळीतलं स्युडोएफेड्रिन, स्टिरॉइड, गर्भनिरोधक गोळ्या. पाण्यात फसफसणाऱ्या पॅरासिटामॉलच्या एका गोळीत सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम असतं, हे फार जणांना माहीतच नसतं.

एवढं निस्तरूनही अडलं तर स्पायरोनोलॅक्टोन २५. पाथवे-२ चाचणीत, २०१५, बिसोप्रोलॉल आणि डॉक्साझोसिन या दोघांवर तिने मात केली. पोटॅशियम आठवड्याभरात, मग महिन्याने. पुरुषांच्या छातीत गाठ किंवा दुखरेपणा आला तर तिच्याच जातीची एप्लेरेनोन. आणि एकदा रक्तातलं अल्डोस्टेरोन-रेनिन (बीपी चढवणारी शरीरातली रसायनं) तपासून घ्या, पोटॅशियम मुळातच कमी असेल तर नक्कीच.

फार्मकट्टा
गरोदरपणाचं सुटलं. प्रिल आणि सार्टन पूर्ण वर्ज्य, गर्भाच्या किडनीला इजा होते. गरोदर राहण्याचा विचार असेल तेव्हाच डॉक्टरांशी बोलून बदलून घ्यायचं. तिथे लॅबेटालॉल, लांब टिकणारी निफेडिपिन, मिथिलडोपा.

रातकिडा
अजून एक. पारा एकदम १८० दिसला तर निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली धरायची का? जुन्या चिठ्ठीवर लिहिलेलं आहे.

नाडीमोजे
नाही. ती चिठ्ठी फाडा. पारा धाडकन कोसळतो आणि त्यातून पक्षाघात, झटका आल्याची उदाहरणं आहेत, १९९० च्या दशकातच ही पद्धत बंद करा असं सांगितलं गेलं. छातीत दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं, दृष्टी धूसर, यांतलं काही असेल तर थेट इमर्जन्सी. काही नसेल तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. १८०/१२० च्या खाली येत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

लॅबवाला
गोळ्या डबीत काढून ठेवणाऱ्यांसाठी. टेल्मिसार्टन हवेतला ओलावा ओढते, आठवड्याच्या कप्प्याच्या डबीत सुटी टाकली की मऊ पडते. खायच्या वेळीच स्ट्रिपमधून काढायची. डबी वापरायचीच असेल तर स्ट्रिपचा तेवढा तुकडा कापून फॉइलसकट ठेवा.

अर्धीगोळी
आणि माझ्या आयडीवर जाऊ नका, सगळ्या अर्ध्या होत नाहीत. मेटोप्रोलॉल सक्सिनेट ईआरच्या (हीही हळूहळू सुटणारी) ज्या गोळीवर मधे खाच असते ती खाचेवर मोडता येते, पण चावायची किंवा कुटायची नाही. निफेडिपिन आणि इंडापामाइडच्या एसआर गोळ्या मोडायच्याच नाहीत, सगळं औषध एकदम सुटतं. साधी अ‍ॅम्लोडिपिन, रामिप्रिलची टॅब्लेट, क्लोरथॅलिडोन या अर्ध्या करायला हरकत नाही, कटरने करा आणि उरलेला अर्धा दुसऱ्याच दिवशी संपवा.